भागवत सरांचा साडेतीनचा आकडा

पस्तीस वर्षं मी वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींना सूचना द्यायला लागले, तेव्हा नवऱ्यानंच खराडीतल्या एका कंपनीची जाहिरात दाखवली. तिथं मला 'केअर कोच' करण्यात आलं. कानाला यंत्र, समोर स्क्रीन, गार हवेनं आखडलेली मान. पेशंटला हात लावायचा नाही, कपाळ चाचपायचं नाही, डोळ्यांखाली बघायचं नाही. सगळं काय ते आकड्यांवरून ओळखायचं.

हे काम बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून सांगते. लोक घरी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजतात, दंडाला पट्टा गुंडाळून बीपी मोजतात, मनगटावर पट्टी बांधून झोप आणि पावलं मोजतात. ते आकडे त्यांच्या फोनमधून आपोआप आमच्याकडे येतात. ठीक असेल तर हिरवे, जरा इकडेतिकडे असेल तर पिवळे आणि बिनसलं असेल तर लाल. लाल आला की आम्ही फोन लावायचा. काय बोलायचं तेही स्क्रीनवर लिहिलेलं असतं. आकडे वाढत राहिले तर मी आलेख काढून आमच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि त्यांनी औषध बदलायचं.

प्रत्येकाची एक फाईल असते. नाव, वय, आजार, औषधं, आणि सगळ्यात खाली एक चौकट, 'काळजी घेणारी व्यक्ती'. त्यात फक्त नाव आणि मोबाईल नंबर. स्क्रीनवर माझा पहिल्यापासून विश्वास कमी, म्हणून मी जोडीला शंभर पानी वही ठेवायची. दर पेशंटला एक पान. आवाज बसलाय, मागे भांडण ऐकू आलं, मुलगी आली आहे, असलं काहीबाही मी त्यात लिहायची. ऑफिसातली पोरं त्या वहीला 'बखर' म्हणायची.

आकड्यांची गंमत मला तिथं कळली. मांजरी गावाकडचे एक शेतकरी आजोबा होते. त्यांचं बीपी घरी बरं असायचं, पण मी फोन केला की लगेच मोजायचे आणि ते वर जायचं. म्हणाले, "म्याडम, येरवी सगळं बेस हाय. तुमचा फोन वाजला की काळजात धस्स होतंया. तुमी नका करू फोन, म्या बरा हाय." मी त्यांना फोन कमी केले, बीपी उतरलं. दुसरा एक संगणकातला मुलगा. सकाळी ताजातवाना उठायचा आणि मनगटावरची पट्टी म्हणाली की झोप नीट झाली नाही, तर अकराला मला फोन करून जांभया द्यायचा. "मॅम, आय अॅम सो टायर्ड, स्लीप स्कोअर बघा ना माझा!" म्हटलं, बाबा, पट्टी काढून आठ दिवस झोप. तसा झोपला आणि बरा झाला. आमच्या बाजूच्याच एक बाई दिवाळीत चकल्या गाळताना नऊ हजार पावलं चालल्या होत्या, एकाच जागी बसून. हे सगळं हसण्यावारी जातं. भागवत सरांचं गेलं नाही. नाव अर्थात बदललं आहे.

सर कर्वेनगरचे. चाळीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेले. मुलगी परदेशात. तिनंच त्यांचं नाव आमच्याकडे घातलं आणि फाईलही तिनंच भरली. खालच्या चौकटीत 'मिसेस भागवत' एवढंच लिहिलं होतं. सरांना रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन होतं, आणि जेवणानंतर दोन तासांनी म्हणजे दुपारी साडेतीनला साखर मोजायची होती.

पहिल्याच फोनवर सरांनी माझी उलटतपासणी घेतली.

"आपण डॉक्टर का?"

"नाही सर, मी सिस्टर."

"मग ठीक आहे. डॉक्टरांना आकडे दाखवले की ते माणसाकडे बघत नाहीत, असा अनुभव आहे. हे बघा सिस्टर, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निकाल लावले. आता रोज साडेतीनला माझा निकाल, तोही रक्त काढून! आपल्याला कोणी असं केलं तर आवडेल का?"

मी हसले. सर हसले नाहीत. नंतर कळलं की आकडा वाईट आला की ते जेवत नसत, कट्ट्यावर जात नसत, बायकोशीही बोलत नसत. इन्सुलिनची सुई पोटात टोचून घ्यायला त्यांची ना नव्हती, ते स्वतः सुईचं ते पेन फिरवून युनिट, म्हणजे मात्रा, लावत. बोट मात्र ते हात पाठीमागे नेऊन लपवत.

तरी दहा-बारा दिवसांत आकडे रोज ठरल्या वेळी येऊ लागले. एकशे चाळीस, एकशे अडतीस, एकशे बेचाळीस. मुलगी खूश, डॉक्टर खूश, मी तर फारच खूश. आमच्या टीमचा प्रमुख निनाद, तिशीतला, हुशार आणि घाईचा मुलगा, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "बघा, मॅडमनी भागवत केस कशी टर्न केली!" मीही मान डोलावली. त्याच सुमारास एकदा सरांशी बोलणं झालं, तेव्हा विचारलं, "उपासबिपास करता का?" ते म्हणाले, "उपास आमच्याकडे हिनं करायचे. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. मी त्या दिवशी मुद्दाम दोन वेळा जेवतो, हिशेब जुळावा म्हणून."

दुसऱ्या महिन्यात आकडे चढायला लागले. एकशे ऐंशी. मग दोनशे. मी आलेख पाठवला, डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. तरी आकडे वर. पुन्हा आलेख, पुन्हा वाढ. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या म्हणून आम्ही सांगत होतो, सर तारखा पुढे ढकलत होते. मी काकूंना, म्हणजे मिसेस भागवतांना, फोनवर झापलं. हो, झापलंच. "काकू, लक्ष कुठे आहे तुमचं? सरांना खायला काय घालताय? मी इथून काय काय बघायचं?" पलीकडे काकू पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बघते हो. चुकतंच कुठेतरी माझं."

मी वहीत लिहिलं, 'काकू बोलताना मध्येच पाणी पितात. आवाज दमलेला. जेवणाची पथ्यं पाळत नसाव्यात.' आणि सरांचं पान उलटलं.

मग तो बुधवार. पावणेचार वाजले होते. स्क्रीनवर सरांचं नाव लाल झालं. साडेतीनचा आकडा, दोनशे अडतीस. स्क्रीननं वाक्यंही काढून ठेवली होती: दोनशे वीसच्या वर, चार युनिट जादा घ्यायला सांगा, दोन तासांनी पुन्हा मोजा. मी फोन लावला. काकूंनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

"सिस्टर, मीच करणार होते फोन. चार युनिट द्यायची ना? आज मी देते, त्यांचा हात थरथरतोय. पेन माझ्या हातात आहे."

"हात का थरथरतोय?"

"झोपेतून उठलेत आत्ताच. आज माझाही डोळा लागला मेला, चहा करायचाच राहिला. घामाने भिजलेत. पंखा चालू आहे तरी घाम."

मागून सरांचा आवाज आला. "घंटा झाली का? दहावी ब कुठे गेली? खडू आणा." आणि मग नुसतंच, "खडू, खडू."

जो माणूस तीन महिन्यांत माझ्याशी एक सैल वाक्य बोलला नव्हता, तो खडू मागत होता.

वॉर्डात असते तर एका नजरेत कळलं असतं. घाम, थरथर, भ्रम. साखर वाढलेला माणूस असा भिजत नाही. असा भिजतो तो साखर पार खाली गेलेला माणूस, आणि त्याला त्या वेळी इन्सुलिन टोचलं तर तो उठत नाही. पण स्क्रीनवर दोनशे अडतीस लिहिलं होतं, पंधरा मिनिटांपूर्वीचं. दोन्ही खरं असू शकत नव्हतं.

"काकू, पेन खाली ठेवा."

"अहो, पण..."

"खाली ठेवा म्हणते ना! साखर आणा. अर्ध्या पेल्यात चार चमचे."

"साखर नको हो सिस्टर!" काकू एकदम रडायलाच लागल्या. "साखरेनंच झालंय हे. माझ्यामुळे झालंय. तुम्हाला नाही माहीत."

निनाद माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "मॅडम, रीडिंग टू थर्टी एट आहे. तुम्ही शुगर द्यायला सांगताय? कॉल रेकॉर्ड होतोय. प्रोटोकॉल करेक्शन डोसचा आहे."

"निनाद, गप्प बस. डॉक्टरांना फोन लाव आणि त्यांच्या पत्त्यावर रुग्णवाहिका पाठव."

माझ्या समोर सरांचा तीन महिन्यांचा आलेख होता. चढत जाणारी रेघ, आणि मध्ये तीन खड्डे. त्या तीन दिवशी दुपारचा आकडा अगदी खाली आलेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. ते खड्डे मी आधीही पाहिले होते, यंत्राची चूक म्हणून सोडून दिले होते. शेवटचा खड्डा दोनच दिवसांपूर्वीचा, सोमवारचा. निनादच्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं. सोमवारच्या चौकोनात चंद्र काढलेला होता.

संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही.



"काकू, आजचं बोट कुणाचं?"

पलीकडे पंख्याचा आवाज. सर अजून खडू मागत होते, आता हळू.

"काकू, मी रागावणार नाही. कुणाचं बोट?"

"माझं," काकू म्हणाल्या.

"रोजचं?"

"रोजचं."

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही, असं मला वाटत होतं. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की चांगलीच ओरडले होते. "साखर आणा! आत्ता! त्यांची साखर खाली गेलीय, त्यांना तीच हवीय. पळा!"

काकू अडुसष्ट वर्षांच्या. त्या पळाल्या. फोन त्यांनी कुठेतरी ठेवला असावा, कारण डबा पडल्याचा आवाज आला, चमच्याचा आला, आणि मग सरांचा, "नको. नको म्हटलं ना." मी वॉर्डात शंभर माणसांना असं पाजलं असेल, हनुवटी धरून, पाठीला गुडघा लावून. खराडीतून कर्वेनगरच्या माणसाची हनुवटी धरता येत नाही. मी फक्त बोलत राहिले. "त्यांना बसतं करा. आडवं असताना पाजू नका. घोट घोट द्या. गिळतात का बघा. गिळत नसतील तर थांबा, गालाच्या आत साखर चोळायची. काकू, ऐकताय ना? गिळलं का?"

पेल्यावर चमचा आपटल्याचा आवाज आला.

"काकू!"

"गिळलं. एक घोट गिळला."

"अजून."

निनाद खुर्चीवर बसला होता. त्याचा चेहरा माझ्या पहिल्या वॉर्डातल्या शिकाऊ मुलींसारखा झाला होता. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मी म्हटलं, "आता त्यांचं बोट घ्या. त्यांचंच."

"ते देणार नाहीत हो."

"आज देतील."

स्क्रीनवर सरांच्या नावापुढे नवा आकडा उमटला. एकसष्ट. चार चमचे साखर पोटात गेल्यावरचा एकसष्ट. त्याच्या वरच्या ओळीत दोनशे अडतीस, वेळेत पाऊण तासाचंही अंतर नाही. निनादनं दोन्ही आकडे वाचले आणि कपाळावर हात ठेवला. ती चार युनिट गेली असती तर, असं आम्ही दोघंही बोललो नाही.

पुन्हा साखरपाणी, पुन्हा बोट. चौऱ्याण्णव. आणि मग सरांचा आवाज, खरखरीत पण सरळ. "कोण आहे फोनवर? सिस्टर का? त्यांना सांग, पाक दोनतारी झालाय."

मी कानाचं यंत्र काढून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून मनसोक्त रडले. रुग्णवाहिका पोचली तेव्हा सर दारात उभे राहून त्यांना चुकीच्या मजल्यावर आलात म्हणून सांगत होते, असं ऐकलं.

कंपनीच्या नियमानं पेशंटच्या घरी जाता येत नाही. रविवारी मी स्वारगेटहून बस धरून कर्वेनगरला गेले. दार काकूंनी उघडलं. मला कुणी जाडजूड, वेंधळी बाई दिसेल असं का वाटलं होतं कुणास ठाऊक. समोर बारकी, वाळलेली बाई होती, ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता. फोनवर हे दिसत नाही.

सर आतल्या खुर्चीत होते. काकूंनी त्यांच्या समोरच सगळं सांगितलं, बहुधा पहिल्यांदाच. सर बोट देईनात. आकडा गेला नाही की मुलगी तिकडून रडायची, कंपनीचा फोन यायचा. आकडा पाहिला की सर जेवण सोडायचे. शेवटी एके दिवशी काकूंनी स्वयंपाकघरात आपलंच बोट टोचलं. सरांना सांगितलं, आता मोजायचं बंद झालंय. "आणि खरंच सिस्टर, ते सुधारले. जेवायला लागले, टेकडीवर जायला लागले, रात्री झोपायला लागले. मला वाटलं, एका थेंबात चार माणसं सुखी होतायत, तर होऊ देत."

"मग आकडे वाढले तेव्हा?"

"मला वाटलं यंत्र बिघडलं. मग तुम्ही त्यांचा डोस वाढवलात. आता कसं सांगू? म्हणून तुम्ही युनिट वाढवली की मी त्यांच्या तीनच्या चहात चमचा वाढवायची. ते म्हणायचे, हल्ली चहा बरा करतेस." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "त्या दिवशी ते घामाघूम झाले, मला वाटलं माझ्या चमच्यांनीच त्यांची साखर वाढली. म्हणून पेन घेऊन बसले होते."

वाढवलेलं इन्सुलिन रोज त्या चमच्यांवर निभावत होतं, आणि त्या दुपारी चहाच झाला नव्हता. म्हणजे त्या दुपारी सर गेले असते, ते त्यांच्या बायकोच्या मायेनं आणि माझ्या आलेखानं, दोघींनी मिळून. मी ते काकूंना सांगितलं, कारण सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर राहायला नको होतं. पस्तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी. खड्डे दिसत होते, बोट कुणाचं हे विचारायला मला खडूपर्यंत थांबावं लागलं. याची लाज मला आजही वाटते.

घड्याळात साडेतीन झाले. काकूंचा हात सवयीनं टेबलावरच्या डबीकडे गेला. सरांनी पाठीमागचा हात पुढे आणला आणि बोट काकूंसमोर धरलं.

"घे," ते म्हणाले. "कॉपी करून पास होण्याचं माझं वय नाही."

आकडा आला एकशे शहात्तर. सर त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि आत जातील. ते म्हणाले, "ठीक. काठावर पास. चहा टाक, बिनसाखरेचा." मग लगेच, "नाही, तू बस. मी टाकतो."

चहा अगदीच पाणीदार झाला होता. तो पिता पिता मी टॅबवर नवी फाईल उघडली. काकूंची रक्ततपासणी आदल्या दिवशीच झाली होती आणि तिचा निकाल आमच्या लाल रंगाच्याही वर होता. त्यांचे तीन महिन्यांचे रोजचे आकडे आमच्याकडे होते, एकही दिवस न चुकता, फक्त दुसऱ्याच्या नावावर.

"पूर्ण नाव?" मी विचारलं. इतके दिवस मला ते माहीत नव्हतं.

"वसुधा यशवंत भागवत."

खालच्या चौकटीपाशी मी थांबले. सरांनी चष्मा लावून वाचलं. "काळजी घेणारी व्यक्ती. हं. लिहा, यशवंत भागवत. 'मिस्टर' लिहू नका, नाव लिहा."

लिहिलं. फाईल पूर्ण झाली, असं स्क्रीननं सांगितलं. मी टॅब बाजूला ठेवला, वही काढली आणि कोरं पान उघडलं.

"काकू, तुम्ही कशा आहात?"

काकूंनी आधी सरांकडे पाहिलं, सवयीनं. मग माझ्याकडे. प्रश्न त्यांनाच विचारलाय याची खात्री करून घेतल्यासारखं.

"तहान फार लागते हो, सिस्टर," त्या म्हणाल्या. "दोनेक महिने झाले."

मला ते माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं, सरांच्या पानावर.